कुंभाराच्या घरात कारागीर किती?

केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी जी विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. पाचसात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, त्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. सावकाराचा उंबरठा झिजविलेला कारागीर तिचे मोल जाणतो. परंतु तिची एक अट अशी आहे की, तिने घरातले निम्मे हात पुसून टाकले आहेत. पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब, आणि त्यातून एकच नाव!

कुंभाराचे घर ज्याने पाहिले आहे, त्यास या अटीचे प्रथम हसू येईल. खानापूरची माती नावाजलेली खरी. पण ती आपोआप मडके होत नाही. ढेकळे फोडावयाची, चाळावयाची, भिजत घालावयाची, खडा न् खडा वेचून तुडवावयाची. चाकावरून उतरलेले मडके सावलीत सुकवावयाचे, गेरू द्यावयाचा, आवा रचावयाचा. यांतील कितीतरी कामे घरची बाई करते. बेंदराच्या बैलांना तर चाक लागतच नाही. मात्र चाकास तिने हात लावू नये, ही पुष्कळ घरांची रूढी. तेव्हा एकच नाव द्यावयाचे म्हटले की ते चाकावर बसणाऱ्याचे जाणार, हे उघड आहे.

त्या रूढीस पूर्वी जड चाकाचे निमित्त तरी होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून विजेची चाके वाटली, तेव्हापासून तेही उरले नाही. आणि मुलगा? बापाचे नाव लागले की अठरा वर्षांच्या अविवाहित मुलालाही दार बंद. मग तो पणजीच्या हॉटेलात कपबश्या विसळू लागला, की तरुणांस वडिलोपार्जित धंद्याची लाज वाटते असे व्याख्यान झोडावयास पुढारी मोकळे!

कर्ज हवे तर घराला एकच द्या. शिक्षण व अवजारे मात्र राबणाऱ्या प्रत्येकास मिळाली पाहिजेत. कुंभारकामाच्या शिक्षणाची आयोगाची संस्था खानापुरातच उभी राहिली, तेव्हा जागेची सबब चालणार नाही. अट बदलेपर्यंत एक गोष्ट गावातच करता येईल. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडे असते. जेथे पुरुष अन्य कामास जातो आणि माती बाईच मळते, तेथे अर्ज तिच्या नावाने भरण्यास पंचांनी सांगावे.