आग विझली, कॉलमचं काय?

बुलढाणा जिल्ह्यात जिनिंगला आग लागणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बातमी येते तीही ठरावीक: किती क्विंटल कापूस जळाला, बंब कुठकुठून आले, नुकसान किती लाखांचं. ज्या शेडखाली हे सगळं जळालं, त्याच्या कॉलम-भिंतींचं काय झालं हे कोणी छापत नाही, कारण ते कोणी विचारतच नाही. पंचनामा होतो, विम्याचा सर्व्हेअर फोटो काढून जातो, काजळी खरवडली जाते, चुना मारला जातो आणि दिवाळीनंतर त्याच छपराखाली नव्या कापसाची गंजी लागते.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे, जुन्या इमारती तपासणं हा माझा व्यवसाय. माझं म्हणणं एवढंच, की आग लागून गेलेल्या जिनिंगच्या किंवा गोदामाच्या इमारतीला चुना मारण्याआधी तिच्यातून ध्वनी पाठवून पाहा. अल्ट्रासोनिक तपासणी म्हणतात ती.

त्यात अवघड असं काही नाही. कॉलमच्या समोरासमोरच्या दोन बाजूंचं प्लास्टर तळहाताएवढं काढायचं, जागा घासून सपाट करायची, ग्रीस लावायचं आणि दोन्हीकडून एकेक प्रोब दाबून धरायचा. एकीकडून कानाला ऐकू न येणारा, साधारण 54 किलोहर्ट्झचा ठोका जातो; तो पलीकडे किती वेळात पोचला ते यंत्र दाखवतं. 300 मिलिमीटरच्या कॉलममधून 70 मायक्रोसेकंदांत पोचला, तर वेग सेकंदाला 4.3 किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच कॉलमला 120 लागले, तर वेग अडीचवर आला. आत भेगा आणि पोकळ्या झाल्या की ध्वनीला वळसा घ्यावा लागतो, म्हणून हा उशीर. आयएस 13311 या भारतीय मानकाने 1992 मध्येच प्रतवारी लावून दिली होती: साडेचारच्या वर उत्तम, साडेतीनच्या वर चांगलं, तीनच्या खाली शंकास्पद. पुढे ही तपासणी आयएस 516 मध्ये आली. भोक पाडायला नको, काही तोडायला नको.

माझ्याबरोबर कामाला येणारे मिस्त्रीकाका पहिल्यांदा हे पाहून म्हणाले, "म्याडम, आमी ईट टिचकी मारून पायतो, तुमी मशीन लावून पायता. गोठ तेच हाय." बरोबरच आहे. वीट टणटणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. भट्टीच्या आणि बॉयलरच्या अस्तरात बसणाऱ्या फायर ब्रिकलाही प्रयोगशाळेत अशीच टिचकी मारतात. वीट स्पंजवर ठेवायची, छोट्या हातोडीने ठोकायची, मायक्रोफोनने सूर पकडायचा; वजन, माप आणि तो सूर यांवरून विटेचा ताठपणा निघतो. तापवून गार केल्यावर सूर उतरला, तर आत बारीक भेगा पडल्या असं समजायचं. देऊळगाव राजाच्या पलीकडे, जालन्याच्या सळई कारखान्यांत भट्टीच्या अस्तराकडे कोणी दुर्लक्ष करत नाही, कारण अस्तर फुटलं तर वितळलेलं लोखंड बाहेर येतं. जिनिंगच्या कॉलमचं तसं नाही. तो उभा असतो, म्हणून तो ठीक आहे असं धरून चालतात.

आणि कापसाची आग भडकून लगेच विझणारी नसते. वरून बंबाचं पाणी पडतं, तरी गंजी आतून धुमसत राहते आणि तिला टेकलेला कॉलम भाजत राहतो. 300 अंशांपर्यंत काँक्रीट बऱ्यापैकी सोसतं. 400 ते 500 च्या दरम्यान सिमेंटमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड फुटून त्याचा चुना होतो. 573 ला वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. 600 च्या घरात सळईची ताकद निम्म्यावर येते. सळई गार झाल्यावर बरीचशी सावरते, काँक्रीट सावरत नाही. उलट आत तयार झालेला चुना हवेतली ओल ओढून पुन्हा फुगतो आणि भेगा वाढवतो. म्हणजे आगीनंतर आठवड्याभराने बरा दिसलेला कॉलम दोन महिन्यांनी आणखी बिघडलेला असू शकतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, की 300 अंशांवर गेलेलं काँक्रीट गुलाबी पडतं. आपल्याकडच्या काळ्या गिट्टीच्या काँक्रीटमध्ये तो रंग तितका खुलत नाही. नुसत्या नजरेवर निकाल देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

यंत्रही फसतं, हे सांगायला हवं. ओल्या काँक्रीटमधून ध्वनी जास्त वेगाने जातो. बंबाने भिजवलेल्या कॉलमची दुसऱ्याच दिवशी तपासणी केली, तर आकडा उगाच चांगला येतो. सळईच्या रेषेत प्रोब धरला तरी तसंच. म्हणून जळालेल्या भागाच्या शेजारी आग न पोचलेला कॉलमही मोजायचा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. विटांच्या भिंतीत तर सांध्यासांध्याला ध्वनी विखुरतो. तिथे मिस्त्रीकाकांची हातोडीच जास्त कामाची.

कायद्याने काय मागितलंय? महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. पण ते पाइप, पंप, सिलिंडर यांचं. बॉयलरचीही ठरल्या मुदतीत तपासणी होते. मुंबईत इमारतीने तीस वर्षं ओलांडली की स्ट्रक्चरल ऑडिट मागतात. इमारतीचं वय विचारलं जातं, तिला आग लागली होती का हे नाही.

"पत्र्याचं शेड आहे मॅडम, चार कॉलम, त्यात काय तपासायचं?" हे एका मालकाने मला ऐकवलं. त्याच्या शेडच्या भिंतीला लागून हंगामी मजुरांच्या खोल्या होत्या, आणि एका कॉलमवर दोरी बांधून पोरांसाठी झोळी टांगली होती. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

तालुक्यात यंत्र नाही, ही सबबही टिकत नाही. नव्या ट्रॅक्टरहून कमी किमतीत ते मिळतं. इंजिनीअरिंग कॉलेजांनी आणि पॉलिटेक्निकांनी ठरवलेली फी घेऊन जिनिंगला जाऊन मोजमाप करावं, पोरांचंही शिक्षण होईल. नगरपालिकेने आगीच्या दाखल्यात या तपासणीचा एक रकाना घालावा. खर्च कोणी करायचा यावर तर अडून बसायचं कारणच नाही. विमा कंपनीने दाव्याच्या कागदांत हा अहवाल मागितला आणि फी दाव्यात धरली, की मालक स्वतः फोन करून बोलावतील. पहिली तपासणी मलबा उचलून कॉलम वाळल्यावर करावी. दुसरी पावसाळा सरल्यावर, नवा कापूस यायच्या आधी. तेव्हा शेड रिकामं असतं, आणि कॉलमला गंजी टेकलेली नसल्याने प्रोब दोन्हीकडून लावता येतो.