बनी तो बनी, नहीं तो परभणी

ही म्हण परभणीकराला ऐकवलीत तर दोनच शक्यता असतात. एकतर तो चिडेल, नाहीतर जेवायला घरी घेऊन जाईल. माझ्या बाबतीत दोन्ही झालं.

आमच्या ग्रुपमधला हा परभणीकर हिंजवडीत आयटीत आहे. त्याच्याकडे सेकंडहँड पुंटो अबार्थ आहे. 2015 साली आलेली, 1.4 लिटर टर्बो पेट्रोल, 145 हॉर्सपॉवरची आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली. पुढे 2019 मध्ये फियाटने इथलं दुकान गुंडाळलं, तेव्हापासून पठ्ठ्या गाडीला जास्तच जपतो. जपतो म्हणजे काय, तर डिसेंबरात पुण्यात ईसीयू रिमॅप करून घेतला. थंडीतली सकाळ, समोर भलामोठा पंखा, डायनोवर आकडा एकदम सॉल्लिड! तो प्रिंटआउट अजून त्याच्या पाकिटात आहे. गर्लफ्रेंडचा फोटो नाहीये, हे जाता जाता.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच गाडीतून आम्ही परभणीला निघालो. नगर, पाथर्डी, गेवराई, माजलगाव करत पाथरी ओलांडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाहेर 43 अंश, एसी फुल्ल. वीसेक मिनिटं एका ट्रकमागे रांगत होतो. मग समोर मोकळा रस्ता दिसला, त्याने गिअर खाली टाकला, पाय दाबला... आणि गाडीने नुसता सुस्कारा सोडला. अर्ध्या ट्रकच्या बाजूला आम्ही, समोरून लाल डबा येतोय आणि पिकअप नाहीच. ब्रेक मारून तो पुन्हा ट्रकमागे घुसला. मानवतपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग मी ती म्हण म्हटली आणि तो भडकला.

दोष गाडीचा नव्हता, हवेचा होता. मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नाही, म्हणून हा फंडा मी नंतर बसून समजून घेतला. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप खालच्या बाजूला हात लावून बघा. 43 अंशांची हवा दुप्पट दाबली की ती सहज सव्वाशेच्या वर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. शिवाय इंजिनात नॉकिंगचा धोका, म्हणून ईसीयू शहाणपणा करून स्पार्कची वेळ मागे घेतो आणि ताकद कापतो. हे टाळायला टर्बो आणि इंजिनाच्या मध्ये जो जाळीदार डबा बसवतात, तो इंटरकूलर. रस्त्यावरच्या गाड्यांत 1978 च्या पोर्शे 911 टर्बोने तो मिरवला. मागच्या पंखाखाली बसवला होता. आपल्याकडे टाटाच्या ट्रकच्या इंजिनाच्या नावातच तो आहे. टीसीआयसी, म्हणजे टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड. ज्या ट्रकने आम्हाला घाम फोडला त्याच्याकडेही असणारच!

कंपनीचा इंटरकूलर कंपनीच्या ताकदीपुरता असतो. रिमॅपनंतर बूस्ट वाढतो, उष्णता वाढते, डबा तेवढाच राहतो. ट्रकमागे रांगताना त्यातून वाराही जात नाही, मग तो स्वतःच तव्यासारखा तापून बसतो. म्हणून परभणीकराने पुण्यातल्या एका गॅरेजमधून जवळपास दुप्पट जाडीचा इंटरकूलर बसवून घेतला. पाइपांसकट बिल 40 हजार. (2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून दूर जाणारे बदल कायद्यात अडकू शकतात आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी हात वर करू शकते. हे त्याला मी सांगितलं. तो "हो हो" म्हणाला.)

या मे महिन्यात पुन्हा निघालो. आता मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसत होतं. गेवराईपर्यंत 60, माजलगावला 66, पाथरीला 71. चाळीस हजारांचा डबा आणि आकडा जवळजवळ जुनाच! त्याचा चेहरा बघवेना. एकाही ट्रकला ओव्हरटेक केलं नाही.

परभणीत त्याच्या वडिलांचं कूलरचं दुकान आहे. मोटर, पंप, गवत बदलणं, वाळ्याचे पडदे. मे महिन्यात या माणसाला जेवायला फुरसत नसते. तरी ते गाडीपाशी आले, वाकले, बंपरच्या जाळीतून बॅटरीने बघत राहिले.

"हवा कुठनं यायली रे याला?"

"समोरून, अप्पा."

"समोरून यायली, पण बाजूच्या फटीतून पळायली ना. कूलर खिडकीत बसवतात अन् कडेनं पुठ्ठा लावतात, ते कशाला?"

बघितलं तर खरंच. बंपर आणि इंटरकूलरच्या मध्ये दोन्ही बाजूंना चार बोटं फट होती. वाऱ्याला जाळीतून घुसण्यापेक्षा कडेने पळणं सोपं, तो पळत होता. शिवाय गॅरेजवाल्याने हौसेने लावलेली रुंद नंबर प्लेट नेमकी मधोमध. जाड डब्यातून हवा ढकलायला दाब लागतो आणि तोच मिळत नव्हता. अप्पांनी दुकानातून फोमच्या पट्ट्या आणि पत्र्याचे तुकडे आणले, फटी बुजवल्या, प्लेट खाली सरकवली. रेडिएटरच्या वाटेत मात्र काही येऊ दिलं नाही. "इंजिनालाबी तहान लागती," म्हणाले. खर्च 180 रुपये, तेही मुलाकडून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच उन्हात जिंतूर रोडला गेलो. आकडा 54. पाय दाबला तर 59 वर गेला आणि पटकन परत आला. बाहेरच्या हवेपेक्षा खाली तो कधीच येणार नाही, त्यामुळे डिसेंबरातला प्रिंटआउट परभणीत मे महिन्यात खरा होणार नाही. पण आता पाय दाबला की गाडी पळत होती.

जेवताना अप्पांनी ज्वारीची भाकरी वाढली आणि ती म्हण पूर्ण ऐकून घेतली. मग मुलाला म्हणाले, "हिला परत जाताना पुढं बसव. आन् ट्रक दिसला की मागंच राहा."

मानवतच्या पुढे ट्रक दिसला. त्याने आरशात बघितलं, फोनवरचा आकडा बघितला आणि म्हणाला, "चहा घेऊया का?"