सिंथेसायझरवरचे आरोप आणि कोडंबाक्कमची साक्ष

इलेक्ट्रॉनिक वाद्यांविषयी आपल्या रसिकांचे मत बहुधा वाद्य ऐकण्याआधीच ठरलेले असते. सिंथेसायझरला जीव नाही, त्याला रियाज लागत नाही, त्यातून मींड निघत नाही आणि ड्रम मशीनने तर तालवादकांच्या तोंडचा घास काढला. पुण्यात हे ऐकू येते तसेच चेन्नईत मार्गळी महिन्यातल्या मैफलींच्या मध्यंतरातही ऐकू येते. असे बोलणारी माणसे संगीतावर मनापासून प्रेम करतात, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. आणि त्यासाठी साक्ष काढायची तर चेन्नईच्या कोडंबाक्कमची काढावी. चित्रपट स्टुडिओंच्या या वस्तीत हा सगळा झगडा प्रत्यक्ष घडून गेला आहे.

पोटावर पाय दिल्याचा आरोप सर्वांत जड, म्हणून तो आधी. तो अर्धा खरा आहे. कोडंबाक्कमच्या ध्वनिमुद्रणांना एके काळी व्हायोलिनवादकांच्या रांगाच्या रांगा बसत. नोंदवलेले स्वर आपोआप वाजवणारे सिक्वेन्सर आणि मुद्रित आवाज हवे तसे वाजवणारे सॅम्पलर आले तशा त्या रांगा आक्रसत गेल्या. ज्यांचे काम गेले त्यांना ‘काळाचा महिमा’ म्हणून गप्प बसवणे निर्दयपणाचे आहे. पण कीबोर्ड काही आपल्या पायांनी स्टुडिओत चालत आला नाही. चाळीस जणांचे काम एकाच्या मानधनात उरकू पाहणाऱ्यांनी तो आणवला. जाब त्यांना विचारला पाहिजे.

याच वस्तीतली दुसरी हकिगत आक्षेपकांच्या बोलण्यात कधी येत नाही. मल्याळम चित्रपटांचे संगीतकार आर. के. शेखर १९७६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा होता. शेखर यांनी हौसेने जमवलेली वाद्ये आणि कीबोर्ड भाड्याने देऊन त्या कुटुंबाने दिवस काढले. तो मुलगा पुढे संगीतकार इलयाराजांकडे कीबोर्ड वाजवू लागला. इलयाराजांनी संगणक आणि सिक्वेन्सर हाताशी घेऊन केलेल्या १९८६ च्या ‘पुन्नगै मन्नन’ चित्रपटाच्या संगीतातही त्याचा हात होता. १९९२ मध्ये ‘रोजा’ चित्रपट आला आणि ए. आर. रहमान हे या मुलाचे नाव देशभर झाले. घरामागच्या छोट्या स्टुडिओत यंत्रांच्या गराड्यात बसून रचना करणाऱ्या या माणसाने कॅसेटच्या वेष्टनावर वादकांची नावे द्यायला सुरुवात केली. नवीन कुमार यांची बासरी आणि शिवमणी यांचे तालवादन लोक नावानिशी ओळखू लागले. त्याआधी भल्यामोठ्या वाद्यवृंदांतले बहुतेक वादक निनावीच राहत. पुढे २००८ मध्ये रहमान यांनी चेन्नईत संगीतविद्यालय काढले आणि गरीब घरांतल्या मुलांचा वाद्यवृंद उभा केला. त्या वाद्यवृंदातल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो आहेत.

यंत्राने माणसाला खरोखर कुठे हुसकावले हे पाहायचे असेल तर देवळात पाहावे. तामिळनाडूत आणि आपल्याकडेही कितीतरी देवळांत आरतीच्या वेळी बटण दाबले की मोटर नगारा आणि घंटा बडवू लागते. आरती रंगली तरी लय बदलत नाही, कारण ऐकणारा वादकच तिथे नसतो. तवील आणि नादस्वरमची परंपरा ज्या देवळांनी पोसली, त्या देवळांत हे व्हावे याचा मला संताप येतो. ड्रम मशीनपुढे मात्र माणूस बसलेला असतो. ठेक्याच्या सोळा घरांपैकी कुठे ठोका, कुठे मोकळी जागा, कुठला ठोका जड आणि कुठला नुसता स्पर्श, हे तो कानाने ठरवतो. या दोन यंत्रांना एकाच शिव्या घालणे अन्यायाचे आहे.

आता जिवाचा मुद्दा. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी ऐकून देश डोलला. ती पुंगी क्लॅव्हिओलिन या विद्युत वाद्यावर कल्याणजींनी वाजवली होती. ऐकणाऱ्यांना त्यात जीव जाणवला, कारण वाजवणाऱ्याने तो ओतला होता. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आले, तेव्हा ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून नाके मुरडली गेली. जेमतेम बारा हजार नग निघून १९८३ मध्ये ते बंद पडले. त्यातले सळसळते आवाज मुद्दाम निवडलेल्या सदोष ट्रान्झिस्टरांमधून येत. पुढे जगभरच्या नृत्यसंगीताने आणि हिपहॉपने तेच आवाज डोक्यावर घेतले. नक्कल म्हणून पडलेले यंत्र वाद्य म्हणून उभे राहिले.

मींडेचा आक्षेप सर्वांत विचारी आहे आणि त्यामागे इतिहास आहे. पट्ट्यांवरचे स्वर बांधलेले, दोन स्वरांमधली वाट बंद, श्रुतींना जागा नाही, या कारणांसाठी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून पुढे सैल होत गेली. पेटीवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला ही जखम ठाऊक आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली ती याच आक्षेपाला उत्तर म्हणून. पण हा आक्षेप पितळी पत्त्यांना लागू होता. सिंथेसायझरमध्ये स्वर निर्माण करणारे विद्युत मंडल म्हणजे ऑसिलेटर; त्याचा स्वर कुठल्याच पत्तीला बांधलेला नाही. विद्युतदाब किंचित बदलला की स्वर सरकतो, हवा तिथे थांबतो, थरथरतो. पट्ट्यांची विभागणी बाजारासाठी केलेली आहे आणि डाव्या हाताने फिरवायच्या, स्वर सरकवणाऱ्या पिच व्हीलने ती ओलांडता येते. चेन्नईचे के. सत्यनारायणन लहानपणापासून कीबोर्डवर कर्नाटक संगीत वाजवत आले आहेत. उजव्या हाताने स्वर आणि डाव्या हाताने गमक, अशी त्यांची वाट. गमकाशिवाय कर्नाटक राग उभाच राहत नाही, तेव्हा ही साक्ष हलकी समजू नये.

मुंबईचे चरणजित सिंग यांचे उदाहरण याहून मोलाचे. सिनेसंगीतातल्या या वादकाने १९८२ मध्ये टीआर-८०८, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ घेऊन ललित, कलावती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. टीबी-३०३ हे बेस गिटारची नक्कल करायला काढलेले आणि त्यात सपशेल फसलेले यंत्र. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि रागाला नेमकी तीच हवी होती. तबकडी तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या रसिकांनी कान टवकारले. शिकागोत ॲसिड हाऊस म्हणून नावाजला गेलेला आवाज त्याच्या काही वर्षे आधी मुंबईत उमटला होता. तो रागांच्या ओढीने उमटला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

राहिला रियाज. तयार आवाजांतला एक निवडून दोन बोटांनी लग्नात गाणी वाजवणाऱ्यांकडे बोट दाखवून वाद्याची किंमत ठरवली जाते. तशी ठरवायची तर पेटीसुद्धा टिकणार नाही. सिंथेसायझरचा रियाज दुहेरी आहे: बोटांचा आणि आवाज घडवण्याचा. ऑसिलेटरचा कच्चा स्वर, फिल्टरने त्यातून गाळलेले उपस्वर, आवाज किती झपकन उमटावा आणि किती सावकाश विरावा याचा आलेख, हे सगळे कानाने जुळवावे लागते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की मृदंग-तबल्याच्या पुडीवरच्या शाईमुळे तिचे उपस्वर सुरेल पटींत येतात, साध्या ताणलेल्या चामड्याचे येत नाहीत. मृदंगाचा एक बोल यंत्रावर घडवू पाहणाऱ्याला हे समजून घ्यावेच लागते, आणि समजल्यावर मृदंगाविषयीचा त्याचा आदर वाढतो. असे झालेले मी पाहिले आहे.

‘हे आपले नव्हे’ असे म्हणणाऱ्यांसाठी फार शब्द नकोत. कर्नाटक संगीतातले बालुस्वामी दीक्षितार मद्रासेत युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांनी दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा ठेवला. आज व्हायोलिनविना कर्नाटक मैफल दुर्मीळ. शिवाय बंगळुरूचे बासरीवादक अभियंते जी. राजनारायण यांनी १९७९ च्या सुमारास घडवलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा किती मंचांवर, किती घरांत सूर धरून आहे! रियाजाला तो चालतो, तर त्याच जातीच्या वाद्याला कलेचा दर्जा नाकारण्याचे कारण कोणीतरी सांगावे.

मला हवे आहे ते फार खर्चिक नाही. चेन्नईत अण्णा सालैजवळच्या रिची स्ट्रीटवर, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ४०१०६ ही चिप किरकोळ किमतीत मिळते. तिच्यात सहा घरे असतात. प्रत्येकाला एक रोधक आणि एक संधारक जोडला की सहा ऑसिलेटर तयार. संगीताच्या वर्गात मुलांना तंबोरा लावायला शिकवतात त्याच आठवड्यात हे सहा स्वर षड्ज-पंचमात जुळवायला द्यावेत. रोधक बदलणारी खुंटी फिरवताना पंचम जवळ येतो, दोन स्वरांतली आंदोलने मंदावतात आणि थांबतात. तंबोऱ्याची तार लावतानाही कान हेच शोधत असतो.