एसटी तोट्यात? मग शाळाही तोट्यातच!

परवा हापिसात चहाच्या टेबलावर एकाने नेहमीचा षटकार ठोकला, "एसटी बंद करून टाका यार. तोट्यात चालते, टॅक्स आपण भरतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मात्र सटकली.

मंडळी, मी सोयगावचा. आमच्या गावाला रेल्वे नाही. शेजारच्या शेंदुर्णीला पाचोरा-जामनेरची छोटी गाडी यायची, तीही २०२० पासून बंद. उरला कोण? लाल डबा.

पुणे-नगर पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. आमच्या हैदराबाद संस्थानात तर रेल्वे खात्याने १९३२ मध्येच सरकारी बससेवा सुरू केली होती. नुसता रस्ता बांधून भागत नाही, त्यावर गाडीही लागते, हे निजामाच्या काळात कळलं होतं. आपल्याला अजून कळायचंय.

आता हिशोब बघा. विद्यार्थ्यांच्या पासवर ६६.६७ टक्के सवलत, २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. निर्णय सरकारचे, भरपाई सरकारने द्यायची. वर तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी करही सरकारचाच. आणि तोट्याचं खापर मात्र ड्रायव्हर-कंडक्टरच्या डोक्यावर!

"ट्रॅव्हल्स आहेत की!" आहेत ना, पुण्या-मुंबईला. बनोटीच्या पोरीला रोज कॉलेजला सोडणारी एक स्लीपर कोच दाखवा. आणि ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीपुढे जायला नको, असं २०१८ मध्ये सरकारने ठरवलं. एसटीच नसेल तर दीडपट कशाच्या?

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ संप चालला. आपण तेव्हा घरून काम करत होतो, आपल्याला पत्ताही लागला नाही. ज्यांच्या गावात दुसरी गाडीच येत नाही, त्यांना विचारा.

गाड्या खटारा आहेत, स्टँडवरचं वेळापत्रक रामभरोसे आहे, सगळं मान्य. पण सर्व्हर स्लो झाला म्हणून आपण डेटाबेस डिलीट करतो का? नवीन गाड्या मागा, सवलतींचे पैसे वेळेवर द्या म्हणून बोंबला. बंद करा काय म्हणता?

एक तृतीयांश भाड्याच्या पासवर मी शिकलो, इंजिनियर झालो. उरलेले दोन तृतीयांश कुणीतरी भरलेच ना? त्याला तोटा म्हणायचं असेल तर त्या तोट्यातलाच एक आयटम तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलाय.

असो. चहा गार झाला.