शौक मालकाचा, जोखीम मिस्त्रीची

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप विकत घ्यायची, ती नट-बोल्टपर्यंत उघडायची आणि दगडधोंडे चढणारी गाडी म्हणून नव्याने उभी करायची, हा शौक मुंबईच्या उपनगरांत आता नवा राहिलेला नाही. इंग्रजीत अशा गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. रविवारी पहाटे आरे कॉलनीच्या रस्त्यावर उंच उचललेल्या, रुंद टायरांच्या अशा जीपा आणि जिप्सी दिसतात. या विषयावर दोनच मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, हे पैसेवाल्यांच्या पोरांचे चाळे आहेत. दुसरं म्हणतं, हा आमचा छंद आहे, तुम्हाला काय त्रास? मला दोन्ही मतं अपुरी वाटतात, कारण गाडी ज्याच्या हातून बनते तो मिस्त्री आणि ती ज्या जमिनीवर चालते ती जमीन, या दोघांचा विचार दोन्ही मतांत नाही.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. दगडावर चढायला वेग लागत नाही, ताकद लागते, आणि तीही अगदी संथ. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो गिअर आणि डिफरेन्शियल या तिघांच्या प्रमाणांचा गुणाकार केला की गाडी किती संथ आणि किती जोराने सरकेल ते कळतं. समजा पहिला गिअर ४, लो गिअर ४ आणि डिफरेन्शियल ५. गुणाकार ८०. म्हणजे इंजिन ८० वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल आणि टायर ३१ इंची असेल, तर गाडी ताशी दोन किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने पुढे जाते. माणूस सहज चालतो त्याच्याहून हळू. पण त्या संथपणात एवढी ताकद असते की समोरचा दगड ती सावकाश ओलांडते.

एवढ्यावर भागत नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक हवेत उचललं गेलं की ते नुसतं गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळत नाही. म्हणून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक बसवावा लागतो. गाडी उंच करण्यासाठी पाटे एक्सलच्या खालून काढून वर घेतले जातात. पण गाडी उंच झाली की तिचा तोल वर सरकतो आणि ती उलटण्याचा धोका वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे जॉइंट लवकर जातात. ब्रेकचे पाइप अपुरे पडतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडला तर खड्ड्यात चाक गेल्याबरोबर गाडी आपोआप बाजूला ओढली जाते. चालकाच्या डोक्यावर रोल केज हवा, आणि तो चेसिसला नीट जोडलेला हवा. पत्र्याला टाके मारून चिकटवलेला केज गाडी उलटल्यावर चालकाला वाचवत नाही, उलट त्याच्यावरच दुमडतो. थोडक्यात, एक गोष्ट बदलली की दहा गोष्टींचा हिशेब नव्याने करावा लागतो. हा हिशेब करू शकणाऱ्या माणसाला आपण इंजिनिअर म्हणत नाही, कारण त्याच्याकडे पदवी नसते. आपण त्याला मिस्त्री म्हणतो.

या हुनराचं मुंबईशी जुनं नातं आहे. भारतातली जीप मुंबईत जन्मली. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. ती पोलादाचा व्यापार करायची. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्याच काळात माझगावमध्ये अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बनू लागल्या. पुढे आरेपासून जवळच, कांदिवलीत, कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. गुलाम मुहम्मद यांची ही कथा आपल्याकडे चवीने सांगितली जाते. मला मात्र पाटीवरून गेलेल्या त्या एका नावापेक्षा, पाटीवर कधी न आलेल्या हजारो नावांची गोष्ट महत्त्वाची वाटते.

कुर्ल्याचा सीएसटी रोड, जोगेश्वरी, मरोळ, साकीनाका इथल्या गॅरेजांत जा. वेल्डर, डेंटर, लेथवाला, पाटेवाला, इलेक्ट्रिशियन यांत आपल्या समाजाची माणसं मोठ्या संख्येने भेटतात. अर्थात हा धंदा एका समाजाचा नाही. त्यात मराठी पोरं आहेत, सरदारजी आहेत, उत्तर भारतातून आलेले विश्वकर्मा आहेत. पण वाहनदुरुस्तीत मुसलमान कामगारांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलं गेलं. शाळा सुटली, नोकरी मिळाली नाही, तेव्हा हातात पाना आला. उस्तादाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं काढली तेव्हा कान इतका तयार झाला की इंजिनच्या आवाजावरून बेअरिंगचा दोष सांगता येतो. कंपनीने बनवणं थांबवलेल्या गाडीचा गिअर मिळत नसेल तर भंगारातून दुसऱ्या गाडीचा गिअर आणून, लेथवर घासून तो बसवणं ही आपल्याकडची रोजची बाब आहे. जगात याला मोठमोठी नावं आहेत. आपण याला ‘जुगाड’ म्हणून हसतो आणि पैसे कमी करायला सांगतो.

आता कायदा पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा आणखी स्पष्ट झाली: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेच्या दृष्टीने या कायद्यामागचा हेतू चुकीचा नाही. वर सांगितलेला दहा गोष्टींचा हिशेब चुकला तर रस्त्यावरचा तिसराच माणूस मरतो.

पण कायद्याने बंदी घातली म्हणून काम थांबलं आहे का? नाही. ते फक्त शटरच्या आत गेलं. आणि शटरच्या आत गेलेल्या कामाचं बिल बनत नाही. बिल नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून कोणतं वेल्डिंग कुणी केलं, कोणत्या जाडीचा पाइप वापरला, याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री यांत फरक करायला जागा नाही. मालकाजवळ वकील असतो, ओळखी असतात. मिस्त्रीजवळ असतं भाड्याचं गॅरेज आणि उधारीची वही. उद्या गाडी उलटली तर मालक सहज म्हणतो, ‘मिस्त्रीने असं बनवलं.’ आणि गाडी शर्यत जिंकली तर फोटोखाली मिस्त्रीचं नाव नसतं. शौक एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. चष्म्याशिवाय वेल्डिंग करणारा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपणारा, पोराला शाळेऐवजी ‘छोटू’ म्हणून सोबत आणणारा माणूस या व्यवहाराच्या तळाशी आहे.

दुसरी जोखीम आरेची. इथे आदिवासींचे पाडे तबेल्यांच्याही आधीपासून आहेत. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून एका जागी आणण्यासाठी दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून ही दूध वसाहत १९४९ मध्ये आकाराला आली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. गोठ्यांभोवती राखलेल्या त्या जमिनीला आज आपण जंगल म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मिठी नदी इथून वाहते. बिबट्या इथे राहतो. झीशान मिर्झा आणि राजेश सानप या अभ्यासकांनी विंचवाच्या एका नव्या जातीला आरेचंच नाव दिलं. जमिनीत बीळ करून त्यावर झाकण बसवणारा ट्रॅपडोअर कोळीही इथे सापडतो. त्याचं घर टायरच्या एका फेरीत बुजतं आणि ते बुजलेलं गाडीत बसलेल्याला कळतही नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रात्रीतून दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली तेव्हा उपनगरातले असंख्य तरुण रस्त्यावर आले. नंतर आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. झाडांसाठी घोषणा देणारा आणि त्याच मातीत गाडीची चाकं रुतवून व्हिडिओ काढणारा, हे दोघं एकाच पिढीचे असू शकतात. ‘आम्ही झाड तोडत नाही, फक्त कच्च्या वाटेने जातो’ असं सांगितलं जातं. पण पावसाळ्यात ओल्या उतारावर खोल चाकोऱ्या पडल्या की पाणी तिथून धावतं, माती घेऊन ओढ्यात जातं, आणि पुढच्या वर्षी ती वाट राहत नाही, नाला होतो. ती कच्ची वाट कुणाच्या तरी पाड्याची रोजची वाट असते. त्यावरून बाई पाणी आणते, पोरं शाळेत जातात. तुमच्यासाठी तो अडथळ्यांचा खेळ आहे, त्यांच्यासाठी घरी जायचा रस्ता.

मग काय करायचं? हा शौक बंद करा, असं मी म्हणणार नाही. जुनी गाडी भंगारात वितळवण्यापेक्षा ती दुरुस्त होणं चांगलं. त्यात हुनर टिकतो, रोजगार मिळतो. पण शौकाला जागा हवी, आणि हिशेब हवा.

जागेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवण्याची अकादमी काढली. गोव्यात २०१४ पासून ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भर पावसात होऊ लागली. मुंबई-ठाण्याच्या आसपास बंद पडलेल्या दगडखाणी कितीतरी आहेत. जिथे वस्ती नाही आणि जंगल परतलेलं नाही, अशी एखादी खाण नियम करून, शुल्क घेऊन, रुग्णवाहिका उभी ठेवून या खेळाला देता येईल. दगड चढायचे तर आधीच फोडलेल्या डोंगरावर चढा. आणि फक्त दगडासाठी बनवलेली गाडी रस्त्यावर चालवत नेऊ नका, ट्रकवर लादून न्या. अमेरिकेत या खेळातले कितीतरी लोक तेच करतात.

हिशेबाचा प्रश्न सरकारचा आहे. जर्मनीत गाडीत बदल केला की तो टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि पास झाला की गाडीच्या कागदांत नोंदला जातो. तिथे सरसकट बंदी नाही आणि मोकळं रानही नाही. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी वाहन-चाचणी संस्था १९६६ पासून आहे. मोजक्या, ठरावीक बदलांची यादी, त्यांची मापं आणि तपासणीची फी ठरवणं तिला अशक्य नाही. यादीत बसलं नाही तर रस्त्यावर नाही, एवढं सोपं. अशी यादी आली की बिल येईल. बिलावर मिस्त्रीचं नाव येईल. जबाबदारी येईल आणि इज्जतही.

शेवटची गोष्ट आपल्या उस्तादांशी, थोडी कडू आहे. ‘गिऱ्हाईक म्हणेल ते बनवून देतो’ ही हुनराची भाषा नाही. कमकुवत चेसिसवर केज मागणाऱ्याला, ब्रेक न बदलता मोठे टायर मागणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहे. तिचा फायदा घ्या. त्या कागदाने तुमचा हात सुधारणार नाही, तो आधीच चांगला आहे. पण बँकेत, आरटीओत आणि वेळ आलीच तर कोर्टात तुमच्या हाताला साक्षीदार मिळेल. आणि छोटूला शाळेत पाठवा. पाना त्याला संध्याकाळीही धरता येईल. त्या गिअरचा गुणाकार त्याने कागदावर करायला शिकलं, तर उद्या तीच जीप तो मालकाच्या नव्हे, स्वतःच्या आराखड्यावर बनवेल.