केडगावचा विश्वास आणि शासनाची नोंदवही

१/ १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना केडगावी आश्रय दिला. पुढे त्यांची कन्या मनोरमाबाई तेथील अंध मुलींना ब्रेल शिकवू लागल्या. शिकवणाऱ्याची पात्रता तपासणारी शासकीय नोंदवही तेव्हा नव्हती. सारा विश्वास व्यक्तीवर होता.

२/ १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षक, वाचा-उपचारक आदींना नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

३/ स्वमग्न मुलांचे वर्तन अभ्यासून त्यांना टप्प्याटप्प्याने कौशल्ये शिकवणारा ‘वर्तन विश्लेषक’ केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आला तो थेट २०२१ साली. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांच्या त्या कायद्याने राज्य परिषद स्थापण्याचे दायित्व राज्य सरकारांवर सोपवले.

४/ नोंदणीने करुणा उपजत नाही, हा आक्षेप खराच. परंतु रमाबाई प्रत्येक गावाला लाभत नाहीत. ज्या मुलाला बोलता येत नाही, ते तक्रार कशी करणार? त्याच्या वतीने जाब विचारता यावा, यासाठी नोंदवही हवी. करुणेला तिचा अडसर नाही, आधारच आहे.