बाळंतिणीच्या देहाचा मान

भगिनींनो, बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की बोलणी सुरू होतात, "अजून पोट उतरले नाही का गं?" घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत हे सासूही विचारते आणि शेजारीणही. मग ती माउली आरसा टाळते, एक भाकरी कमी खाते.

नऊ महिने ताणलेले पोट लगेच कसे उतरेल? गर्भाशय पूर्ववत व्हायलाच सुमारे सहा आठवडे लागतात, पोटाच्या स्नायूंना कित्येक महिने. पोटावरचे व्रण फिके होतात, पुसले जात नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते पुन्हा येतात. अंगावर पाजणाऱ्या आईला तर अन्न जास्तच लागते. उपाशी राहिल्याने अंगातली ताकद तेवढी जाते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले, की बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीला मात्र ती मिळत नाही. तिची विश्रांती घरच्यांच्याच हातात आहे.

तेव्हा पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलावा, तिचे ताट आधी वाढावे. दोन आठवड्यांनंतरही तिचे रडू थांबत नसेल तर टोमणे न मारता पालिकेच्या दवाखान्यात न्यावे. आणि भगिनींनो, या देहाने एक जीव वाढवला आहे. त्याची लाज कसली बाळगायची?